सात नंबरची बाटली

आधीच मोठ्यानं सांगून ठेवते, मागच्यांनाही ऐकू जाऊ द्या: यातला शब्दन् शब्द खरा आहे. आमच्या खडकडोहच्या मरीआईची शपथ. माझ्या तोंडात उरलेल्या अकरा दातांची शपथ. तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या पानाच्या डब्याची शपथ. यात काही खोटं निघालं तर उद्यापासून माझं पान बंद. मला ओळखणाऱ्यांना यापेक्षा मोठी शपथ लागायची नाही.

मी छबू टोंगे. वय पंच्याहत्तर. जन्म चुनाभट्टीवरचा, लग्न चुनाभट्टीवर, आणि आमचे हे गेले तेही भट्टीला शेवटचा दगड लावून, हात धुऊन, चहा पिऊन गेले. खडकडोहला जमिनीखाली नुसता चुनखडीचा दगड आहे. तो भाजला की कळीचा चुना होतो. त्या चुन्यावर आमच्या चार पिढ्या जगल्या. एकदा थंडीत भट्टीच्या उबेला वाघ येऊन बसला होता. चुन्याची धूळ नाकात गेली आणि तो शिंकला. एकदा नाही, तीनदा. मग आमच्याकडे असं बघितलं जसं काही आम्हीच शिंकलो, आणि उठून गेला. ही गोष्ट मी गावात सांगितली त्या दिवसापासून लोक मला वाघाची आजी म्हणतात आणि माझं काहीच खरं मानत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

भट्ट्या बंद पडल्या. मग गावाच्या सांडपाण्याचा प्लांट आला. गटाराचं पाणी तिथं साफ होतं आणि खाली उरतो तो गाळ. काळा, दाट, वासाचं तर विचारू नका. त्या गाळाचं खत करून शेतात टाकतात. पण गाळात अख्ख्या गावाचं पोट असतं, म्हणजे गावाचे रोगही असतात. आमच्याकडे चार वर्षांपूर्वी सुकवणी आली होती. लहान लेकरांना उलट्या-जुलाब लागायचे आणि दोन दिवसांत लेकरू वाळून चिपाड व्हायचं. तिचा विषाणू गाळात महिनोन् महिने जिवंत राहतो. उन्हाला भीत नाही, साबणाला जुमानत नाही. भितो फक्त चुन्याला.

का, ते मला माझ्या नातीनं समजावलं. दुर्वा तिचं नाव. तिचे आईवडील नागपूरला असतात, ती पहिल्यापासून माझ्याजवळ वाढली, आणि प्लांटवर इंजिनियर आहे. ती म्हणाली, "आजी, विषाणू म्हणजे कवचातली एक पोत समज. बायांच्या गळ्यातल्या काळ्या पोतीसारखी, मणी ओळीनं ओवलेले. त्या ओळीतच त्याचं सगळं शहाणपण असतं. कळीचा चुना गाळात गेला की पाणी पिऊन तापतो. वर गाळ इतका जहाल होतो की कवच सुटून येतं आणि आतली पोत तुटते. मणी राहतात, पोत राहत नाही. पण चुना जिवंत पाहिजे आणि दिवसभर टिकला पाहिजे."

"जिवंत चुना मला सांगते तू?" मी म्हणाले.

कारण चुना मरतो, हे मी दुधाच्या दातांपासून जाणते. फाटक्या पोत्यात पडून राहिला की हवेतली ओल खातो, हवा खातो, आणि पुन्हा साधा दगड होतो. दिसायला पांढराच, पण आत काही नाही. प्लांटवर दोनदा असा मेलेला चुना येऊन पडला आणि कोणाला कळलं नाही. तेव्हा मी साहेबांना, पिदूरकर साहेबांना, अंडं शिजवून दाखवलं. डब्यात अंडं, डबा चुन्यात, वरून तांब्याभर पाणी. त्यांच्या चुन्यात अंडं थंडगार राहिलं. मी राजूरच्या चालू भट्टीवरून आणलेल्या चुन्यात ते असं शिजलं की साहेबांनी मीठ मागवलं. दुसऱ्या दिवसापासून मी प्लांटवर चुन्याची पारखी. गळ्यात फोटोवालं कार्ड.

माझं अवजार म्हणजे हळदीचा दोरा. भट्टीवरच्या बाया हळदीत भिजवून वाळवलेले दोरे कमरेला खोचून ठेवायच्या. ओल्या चुन्यात दोरा बुडवला आणि कुंकवासारखा लाल झाला तर चुना जिवंत. पिवळाच राहिला तर मेला. हळदीपासून कुंकू असंच होतं, तेव्हा यात जादू काही नाही.

आता वाचकीचं सांगते. सुकवणीच्या साथीनंतर प्लांटवर एक यंत्र आलं. दिसायला शिलाई मशीनएवढं. त्याला गाळपाण्याचा थेंब दिला की ते पोतीतले मणी वाचतं आणि कोणता रोग आहे ते सांगतं. गावात सतरा गल्ल्या. प्रत्येक गल्लीच्या गटाराच्या झाकणाखाली एक नळी दिवसभर थेंब थेंब पाणी ओढून घेते. संध्याकाळी सतरा बाटल्या प्लांटवर येतात, सकाळी वाचकी त्या वाचते. लेकरू तापायच्या आधी गल्लीला खबर लागते. मग त्या गल्लीला दोरी. दोन्ही तोंडांना पिवळी दोरी बांधायची, चौदा दिवस कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. औषध घेऊन नगरपालिकेचं उडतं पाखरू, म्हणजे ड्रोन, येतं आणि घरोघर टाकून जातं. वाचकी आल्यापासून गावात सुकवणीनं एकही लेकरू गेलं नाही. हे मी मान्य करते. पण दोरीनं माणसांचं काय होतं ते वाचकी वाचत नाही.

दुर्वाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. मुलगा चंद्रपूरचा, ईशान काकडे, हसरा आणि उंच. पहिली तारीख धरली तर आमच्या गल्लीला दोरी. दुसरी धरली तर चंद्रपुरात त्यांच्या गल्लीला, तिकडेही हीच पद्धत. आता तिसरी, रविवारची. ईशानची आई मीनलताई फोनवर म्हणाल्या, "छबूताई, दोनदा अडलं. आता तिसऱ्यांदा अडलं तर मी म्हणेन, देवाच्याच मनात नाही." वर हसल्या. ते हसू मला आवडलं नाही.

आणि बुधवारी आमच्या गल्लीत, भट्टी लाइनमध्ये, रामटेके शिंप्याच्या घरी, त्यांची दोन वर्षांची इरा दोनदा ओकली. शिंपीण म्हणाली, "जास्त आंबे खाल्ले असतील." सप्टेंबरमध्ये आंबे कुठले.

गुरुवारी संध्याकाळी प्लांटवर बाटल्या आल्या. भट्टी लाइनची बाटली सात नंबरची. दुर्वा फोनवर होती, रविवारच्या जेवणाचं बोलत होती. मला तिचाच एक शब्द आठवत होता. पहिल्या दिवशी तिनं बजावलं होतं, "आजी, तुझ्या चुन्याचे हात बाटलीला लावू नको. चुना गेला की पोत तुटते, आणि वाचकीला वाचायला काही उरत नाही. तिला वाटतं, बाटली साफ आहे."

माझ्या कमरेला चुन्याची डबी असतेच. मी सात नंबरचं झाकण उघडलं, पानाला लावते तेवढा चुना बोटावर घेतला, आत सोडला, झाकण लावलं, हलवलं. इतकंच. पान लावायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

शुक्रवारी सकाळी वाचकी म्हणाली, सतराही गल्ल्या साफ. दुर्वानं मला घरी फोन केला. "आजी, साफ निघाली आपली लाइन. मला तर रात्रभर धडधड होत होती." तिचा आवाज असा हलका झाला होता की मला वाटलं, केलं ते चांगलंच केलं. मी सुट्टी टाकून घरीच होते. शेव पाडत होते, करंज्या भरत होते. शिंपिणीच्या घराकडे मी दिवसभर बघितलं नाही.

शनिवारी दुपारच्या आधी शेवेचा डबा घेऊन प्लांटवर गेले. म्हटलं, माणसांचं तोंड गोड नाही तर खारट तरी करावं. आवारात गाळाचा ढीग होता, आदल्या दिवशी चुना मिसळलेला. गजूभाऊ आपल्या बॅटरीच्या ट्रॅक्टरला दोन भरलेल्या ट्रॉल्या लावून नुकताच निघाला होता. गाळ कुठं जाणार होता? नदीकाठच्या सांबाराच्या वाड्यांत. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि त्या वाड्यांतला सांबार शाळेच्या जेवणावर कच्चाच पेरतात.

मी सवयीनं ढिगाला हात लावला. थंड.

चुना मिसळलेला ढीग दुसऱ्या दिवशीही तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम असतो. आणि नाकात असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येतं. इथं काही झोंबत नव्हतं. नुसता गटाराचा वास. मी दोरा काढला, ढिगात खुपसला, शंभर मोजले, बाहेर काढला. पिवळा. दुसऱ्या बाजूनं खुपसला. पिवळा.

मी साहेबांच्या खोलीत गेले. दुर्वा तिथंच होती.

"साहेब, कालचा चुना मेलेला आहे. ट्रॅक्टर थांबवा."

पिदूरकर साहेबांनी भिंतीवरच्या काट्याकडे बोट केलं. "आजी, मीटर बघा. बारा पूर्णांक चार. एकदम जहाल."

"मीटरचा दांडा काढून बघा. त्यावर जुन्या चुन्याचा थर चढला असेल. तो आपलंच अंग मोजून राहिला."

"काल तुम्ही नव्हता म्हणून चुना वाईट, असं आहे का?" ते हसले. माणूस वाईट नाही. "बरं, समजा मेला. तरी काय बिघडलं? वाचकीनं सतराही गल्ल्या साफ सांगितल्यात. गाळात रोगच नाही तर चुना मेला काय, जिवंत काय. रोग निघाला असता तर ढिगाची वेगळी तपासणी केलीच असती. नियमच आहे."

आता बघा माझी गंमत. मी एका बोटानं बाटली आंधळी केली, म्हणून ढिगाची तपासणी झाली नाही. करंज्या भरत घरी बसले, म्हणून चुना कोणी पारखला नाही. दोन कुलपं होती, दोन्ही मीच काढली. आणि दोन ट्रॉल्या वाड्यांकडे गेल्यासुद्धा.

मी दुर्वाकडे बघितलं. तिच्या हाताला मेंदी होती. नुकतीच रंगायला लागलेली.

"सात नंबरची बाटली साफ नव्हती," मी म्हणाले. "मी तिच्यात चुना टाकला. डबीतला. गुरुवारी."

साहेबांनी मान हलवली. "वाघ शिंकला असेल आजी बाटलीत."

दाराबाहेर उभे असलेले दोघं कामगार हसले. मी म्हटलं होतं ना, लक्षात ठेवा.

दुर्वा हसली नाही. तिनं विचारलं, "काऊन?"

"रामटेक्यांची इरा ओकत होती. रविवार जवळ आला होता."

"आजी, ही गोष्ट आहे की खरं?"

माझ्या नातीला मला हे विचारावं लागलं. पंच्याहत्तर वर्षांत मी इतक्या गोष्टी सांगितल्या, त्याचं बिल त्या खोलीत आलं. माझ्याकडे शपथ नव्हती. कोणती घेणार? जी घेतली असती ती आधी कुठल्या तरी वाघावर खर्च झालेली. मी कमरेचा कोरा दोरा काढून तिच्या हातात दिला. "बाटल्या तीन दिवस ठेवता ना तुम्ही? बुडवून बघ."

तिनं कपाटातून सात नंबरची बाटली काढली. गटाराचं पाणी. त्यात चुन्याचं काही काम नाही, दोरा पिवळाच राहायला हवा. तिनं टोक बुडवलं.

दोरा लाल झाला. चांगला, ओला, कुंकवासारखा लाल.

तिनं तो टेबलावर ठेवला. शेजारी मी ढिगातला पिवळा दोरा ठेवला. जिथं पिवळा पाहिजे तिथं लाल, जिथं लाल पाहिजे तिथं पिवळा. साहेबांनी दोन्ही दोरे बघितले. मग स्वतः जाऊन मीटरचा दांडा उपसला. त्यावर बोटभर पांढरा थर होता.

दुर्वानं गजूभाऊला फोन लावला. गजूभाऊ गाणी लावून ट्रॅक्टर चालवतो, त्याला ढग गडगडलेला ऐकू येत नाही. तिनं स्कूटर काढली आणि गेली. मी फाटकाजवळच्या दगडावर बसले. पान लावलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

पाऊण तासानं ती आली. मागं दोन्ही ट्रॉल्या. पहिली रिकामी करायला गजूभाऊनं फळी खाली पाडली होती, पण वाडीवाला चहा घेऊन आला, म्हणून तो चहा प्यायला थांबला होता. एका कपानं वाचवलं. दुर्वानं स्कूटर लावली, सरळ माझ्याकडे आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, "आजी, सांगितलं ते बरं केलं."

पुढचं सगळं भराभर झालं. नवा चुना आला, मी पारखला, ते माझं प्लांटवरचं शेवटचं काम. ढीग असा तापला की वाफा निघाल्या आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, अमोनियाचं पाणी आहे. माझं कशाचं होतं ते मी सांगितलं नाही. दुर्वानं गटारावर जाऊन सात नंबरची नवी बाटली भरून आणली आणि वाचकीला दिली. पाव तासात उत्तर आलं. सुकवणी. संध्याकाळी चार वाजता भट्टी लाइनला दोरी लागली, आणि दुर्वा आणि मी आतल्या बाजूला होतो.

इरा तीन दिवस सलाईनवर होती. पाखरू दर सहा तासांनी बाटल्या आणून टाकत होतं. डॉक्टरीणबाई शिंपिणीला म्हणाल्या, शुक्रवारीच कळलं असतं तर तोंडानं पाजून भागलं असतं, सुई लागली नसती. शिंपीण माझ्याकडे खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. लेकरू वाचलं. चौथ्या दिवशी तिचं रडणं पुन्हा आमच्या घरापर्यंत ऐकू यायला लागलं. इतकं गोड भोकाड मी ऐकलेलं नाही.

आणि रविवारी साक्षगंध झालं. हो, झालं. मी मीनलताईंना फोनवर सगळं सांगितलं, बोट, डबी, बाटली, काही न लपवता. त्या मग म्हणाल्या, "माझ्या सासूनं माझ्यासाठी कधी बोट हलवलं नाही. तुम्ही चुकीचं हलवलं, पण हलवलं. आम्ही येतो. दोरीच्या बाहेर उभं राहायला कोणाची मनाई आहे?"

दोरीपलीकडे त्यांची माणसं आणि दुर्वाचे आईवडील, अलीकडे आम्ही, मध्ये दहा पावलांची मोकळी जागा. भटजींनी तिकडून भोंग्यावर मंत्र म्हटले. पोरीची अंगठी बांबूच्या टोकाला टांगून आली. त्याची तिकडे पाठवताना मी आधी ती दोरीजवळ पालिकेनं ठेवलेल्या चुन्याच्या निवळीत बुडवली, कारण इकडची वस्तू तिकडे जाणार म्हणजे चुन्यातून गेली पाहिजे. ईशान ओरडून म्हणाला, "आजी, चुना जिवंत आहे ना?" सगळे हसले. दोरी लागल्यापासून त्या गल्लीत पहिल्यांदाच कोणी हसलं. शिंपिणीचा पडदा थोडा सरकला होता.

तर अशी ही गोष्ट, आणि वाघ खरा आहे. अंडं खरं आहे, साहेबांना विचारा, मीठ कोणी मागवलं. दोन दोरे खरे, बांबूवरची अंगठी खरी.

एकच गोष्ट मी जोडली. ती मिठी.

दुर्वानं स्कूटर लावली, सरळ माझ्याकडे आली, इतकं खरं. मग तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "डबी." मी कमरेची चुन्याची डबी काढून दिली. ती ऑफिसात गेली आणि रिपोर्टमध्ये माझं नाव लिहिलं. छबूबाई नथ्थूजी टोंगे, पूर्ण. नातं: आजी. दोरीच्या आत दोन खोल्यांच्या घरात आम्ही चौदा दिवस राहिलो. ती मला वेळेवर जेवायला वाढायची, गोळी द्यायची, आणि एक शब्द बोलायची नाही. साक्षगंधाच्या दिवशी माझ्या पाया पडली. तेव्हाही नाही. मी चुन्याशिवाय पान खात होते. खाऊन बघा कधी, म्हणजे कळेल.

पंधराव्या दिवशी दोरी सुटली. ती प्लांटवर गेली, मी घरीच, मला आता कुठं जायचं होतं. दुपारी पानाचा डबा उघडला तर आत माझी डबी. घासून लख्ख केलेली, ताज्या चुन्यानं भरलेली. झाकणाखाली हळदीचा एक दोरा होता. तिनं पारखून ठेवला होता.

लाल.